रानातून बोललेली पोर्तुगीज

गोव्याच्या मुक्तीचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोन वाक्यांत आटोपला जातो. १९५५ साली सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि १९६१ साली भारतीय सेनेने दोन दिवसांत गोवा मोकळा केला. ह्या दोन वाक्यांच्या मध्ये सहा वर्षांची एक फट राहते. त्या सहा वर्षांत गोव्याच्या वेशीवरील रानातून रोज सकाळी एक आवाज निघत होता. तो कोंकणीत बोले आणि पोर्तुगीजमध्येही बोले. त्या आवाजाचा वृत्तान्त श्रोत्यांपुढे मांडावा, एवढाच ह्या निबंधाचा हेतू आहे.

धाराशिवच्या माणसाला ह्याचे काय, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजा आपल्याच नळदुर्गाजवळून हैदराबाद संस्थानात शिरल्या. त्या फौजांचे प्रमुख मेजर जनरल जयंतनाथ चौधरी होते. तेच चौधरी १९६१ साली दक्षिण विभागाचे सेनापती होते आणि गोव्याची मोहीम त्यांच्याच हाताखाली झाली. दुसरा धागा नभोवाणीचा आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने स्वतः हैदराबादच्या रेडिओवरून भाषण करून लढाई थांबविल्याचे प्रजेला सांगितले. तोपर्यंत त्या ‘डेक्कन रेडिओ’वरून प्रजेच्या कानी काय पडायचे, ते सरकार ठरवीत होते. ज्याच्या हाती ध्वनिक्षेपक त्याच्या हाती प्रजेचा कान, हा धडा आपल्या वडीलधाऱ्यांनी घेतलेला आहे. गोव्यात हाच धडा उलट बाजूने गिरविला गेला, म्हणून तो आपण समजून घ्यावा.

१५१० साली आल्बुकेर्कने गोवा जिंकला तो २५ नोव्हेंबरला. पुढे ४५१ वर्षे ती सत्ता टिकली. शेवटची तीन दशके सालाझारची होती. १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांचे उरलेसुरले हक्क आवळले गेले. सभा नाही, संघटना नाही, वर्तमानपत्राची ओळ तपासल्यावाचून छापायची नाही. लग्नपत्रिकासुद्धा तपासणीस धाडावी लागे. १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहिया मडगावात बोलावयास उभे राहिले आणि लागलीच पकडले गेले. एका सभेचे एवढे भय ज्या राज्याला वाटते, ते राज्य तलवारीपेक्षा मौनावर जास्त विसंबलेले असते. १९५१ साली लिस्बनने आणखी एक युक्ती केली. घटना बदलून ‘वसाहती’ हा शब्द काढला आणि ‘सागरापलीकडील प्रांत’ असा शब्द घातला. गोवा वसाहत नाही, पोर्तुगालचाच तुकडा आहे, हे जगाला सांगण्याची ती सोय होती. पाटी बदलली तरी दुकान तेच राहिले.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टात दादरा आणि नगरहवेली मुक्त झाली. त्या लढ्यात भाग घेणाऱ्यांत गायक-संगीतकार सुधीर फडके होते, हे पुष्कळांस ठाऊक असेल. पुढील वर्षी १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट ह्यांच्या तुकडीने गोव्याच्या हद्दीत पाऊल टाकले. १५ ऑगस्टला देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही हद्द ओलांडून गेले. पत्रादेवीस आणि अन्य नाक्यांवर पोर्तुगीजांनी निःशस्त्रांवर गोळ्या झाडल्या. विसांहून अधिक माणसे पडली. हिरवे गुरुजी पडले. पंजाबचा तरुण कर्नेलसिंग बेनिपाल पडला. त्यानंतर भारत सरकारने सत्याग्रहास बंदी घातली, आर्थिक नाकेबंदी कडक केली आणि रेल्वेही बंद झाली. बाहेरून माणूस आत जाऊ शकेना, आतला बाहेर येऊ शकेना. वर्तमानपत्र तर नाहीच नाही. अशा वेळी सरहद्दीचे तारांचे कुंपण ज्याला अडवू शकत नाही असे एकच साधन उरते, ते म्हणजे आकाशातून जाणारा शब्द.

हे काम ज्यांनी अंगावर घेतले त्यांत वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि आरंभी निकोलाव मिनेझिस हे होते. लिबिया लोबो ह्यांचा जन्म १९२४ चा. गोमंतकीय घरातली मुलगी मुंबईत वाढली. दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांची पत्रे तपासण्याच्या खात्यात तिने काम केले, नंतर आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात नोकरी केली, कायद्याचा अभ्यास केला. परकी भाषा वाचून तिच्यातला मतलब ओळखणे आणि नभोवाणी केंद्राचा कारभार आतून पाहणे, ह्या दोन्ही गोष्टी तिला नोकरीनेच शिकविल्या होत्या. त्याच मुंबईत त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा ह्यांच्याभोवती गोमंतकीय देशभक्तांचा मेळा जमलेला होता. वामन सरदेसाई तिच्याहून वर्षभराने मोठे, विद्यार्थिदशेपासून चळवळीत मुरलेले.

२५ नोव्हेंबर १९५५ ह्या दिवशी प्रक्षेपणास आरंभ झाला. आल्बुकेर्कच्या विजयाचाच तो दिवस. केंद्राचे पोर्तुगीज नाव ‘व्होझ द लिबर्दाद’ म्हणजे स्वातंत्र्याचा आवाज, आणि कोंकणी नाव ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. सामग्री म्हणावी तर दादरा-नगरहवेलीच्या मुक्तीत हाती लागलेली पोर्तुगीजांची बिनतारी यंत्रे. तीच दुरुस्त करून, फेरफार करून त्यांचा ध्वनिक्षेपक बनविण्यात आला. जुलमाची बातमी नेणारी यंत्रे जुलमाविरुद्ध बोलू लागली. हे सारे एका मालमोटारीवर चढवून आंबोलीच्या रानात ठेवले. आंबोली म्हणजे सावंतवाडीच्या वरचा घाटमाथा, समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच. खाली उतरले की गोव्याची हद्द फार दूर नाही. उंचावरून लहरी खाली गोव्यात सुखाने उतरतात, आणि दाट झाडीमुळे मोटार कोणाच्या नजरेस पडत नाही. पुढे हे केंद्र आज कर्नाटकात असलेल्या कॅसलरॉकच्या रानात हलविण्यात आले. भारत सरकारच्या अगदी नकळत असा उद्योग सहा वर्षे चालेल, हे संभवत नाही. परंतु सरकारने कानाडोळा करणे वेगळे आणि रानात जाऊन राहणे वेगळे.

आंबोलीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला ह्या राहण्याचा अर्थ कळेल. आपल्याकडे साऱ्या वर्षात जेवढा पडतो, तेवढा तेथे कित्येकदा दोन-तीन आठवड्यांत पडतो. धुके इतके की चार पावलांवरचे झाड दिसू नये. अशा ओलीत बिनतारी यंत्र कोरडे ठेवणे हीच एक चाकरी. त्यात जळवा, साप आणि रानटी जनावरे. बाहेरच्या जगाशी संबंध तोडलेला, कारण ठिकाण फुटले तर सारेच संपले.

रोजचा कार्यक्रम सुमारे एका तासाचा होता. एक तास म्हणजे काय ते, असे ऐकणाऱ्यास वाटते. पण तासभर बोलण्यासाठी दिवसभर ऐकावे लागते. जगातली निरनिराळी केंद्रे रेडिओवर लावून बातम्या टिपायच्या. हाती आलेली वर्तमानपत्रे चाळायची. पणजीच्या ‘एमिसोरा द गोवा’ ह्या सरकारी केंद्राने आज कोणती थाप मारली ते ऐकायचे. मग खरे-खोटे निवडायचे, लिहायचे, पोर्तुगीजमध्ये घालायचे, कोंकणीत घालायचे आणि पहाटे उठून वाचायचे. आकाशवाणीच्या मोठ्या केंद्रात एका रूपकासाठी लेखक निराळा, निर्माता निराळा, निवेदक निराळा, यंत्रावरचा माणूस निराळा असतो. येथे दोन माणसांच्या चार हातांत ही सारी खाती होती. आणि रविवारची सुट्टी घेऊन चालण्यासारखे नव्हते, कारण ज्या दिवशी आवाज बंद पडेल त्या दिवशी ‘पकडले गेले’ अशी आवई गोव्यात उठणार.

आता मुख्य प्रश्न. गोव्याच्या जनतेची बोली कोंकणी, लिहिण्या-वाचण्यात पुष्कळांची मराठी. मग पोर्तुगीज कशासाठी? ती तर राज्यकर्त्याची भाषा. आमच्या मते ह्या प्रश्नातच त्या माणसांचे शहाणपण दिसते. पोर्तुगीज समजणारे गोव्यात तीन प्रकारचे लोक होते. एक, शिकलेले गोमंतकीय. कारकून, वकील, डॉक्टर, ज्यांचे सारे शिक्षण त्या भाषेत झाले आणि ज्यांच्या हातांनी राज्याचे कागद हलत होते. दुसरे, पोर्तुगालहून आलेले अधिकारी आणि गोरे शिपाई. तिसरे, मोझांबिकसारख्या आफ्रिकी वसाहतींतून आणलेले काळे शिपाई. सत्ता जिच्या आधारे उभी होती ती ही माणसे. जो खांब हलवायचा आहे, त्या खांबाशी त्याच्याच भाषेत बोलले पाहिजे.

आणि त्या भाषेत बोलायचे म्हणजे शिव्या देऊन भागत नाही. लिस्बनच्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा सक्तीने सैन्यात भरती होऊन मांडवीच्या काठी उभा आहे. त्याला त्याच्या देशाची निंदा ऐकविली तर तो रेडिओ बंद करील. पण सालाझारने त्याच्याही देशात मत देण्याचा, बोलण्याचा, संघटना करण्याचा हक्क हिरावला आहे, हे त्याला ऐकविले तर तो कान देईल. भाषा वैऱ्याची नसते. तिच्यात हुकूम सुटतात, तशाच तिच्यात हुकमाविरुद्ध गोष्टीही बोलता येतात. उर्दूच्या बाबतीत आपल्या मराठवाड्याने हा विवेक कधी राखला, कधी सोडला. निजामाची भाषा म्हणून जी दूर लोटावीशी वाटली, त्याच भाषेत निजामाच्या सरंजामशाहीविरुद्ध कविता लिहिणारा मखदूम मोहियुद्दीन हैदराबादच्या कामगारांचा पुढारी होता, हे आपण विसरू नये.

सांगण्यासारख्या गोष्टींचा त्या वर्षांत तोटा नव्हता. १९५५ साली बांडुंग येथे आशिया आणि आफ्रिकेतील राष्ट्रे एकत्र बसली होती. १९५८ साली खुद्द पोर्तुगालात जनरल डेल्गादो सालाझारच्या उमेदवाराविरुद्ध निवडणुकीस उभा राहिला आणि लोकांनी रस्ते भरून त्याचे स्वागत केले. १५ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पोर्तुगालच्या ताब्यातील प्रदेशांची यादीच करून ते स्वयंशासित नाहीत असे ठरविले; त्या यादीत गोवा होता. फेब्रुवारी १९६१ मध्ये अंगोलाची राजधानी लुआंडा येथे उठाव झाला. लिस्बनची नभोवाणी अशा बातम्या गाळी किंवा मोडूनतोडून देई. रानातल्या केंद्राला नवे काही रचावयाचे नव्हते. दुसऱ्याने लपविलेले उघडे करणे एवढेच काम होते. भारताच्या लोकसभेत नेहरू काय बोलले, अंगोलात काय घडले, मोझांबिकात काय शिजते आहे, हे गोव्यातला माणूस दारे-खिडक्या लावून, आवाज बारीक करून ऐके.

येथे आमच्या धंद्यातला एक अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. कामगारांत काम करणाऱ्यास ठाऊक असते की संप पगाराअभावी मोडतो त्याहून अधिक वेळा बातमीअभावी मोडतो. आठव्या-दहाव्या दिवशी एक कुजबुज सुटते: ‘पलीकडच्या खात्यातले कामावर गेले.’ ती खोटी असते. पण जो तो आपापल्या घरात एकटा बसलेला असतो आणि एकट्या माणसाला खोटे लवकर खरे वाटते. अशा वेळी रोज संध्याकाळी ठरल्या वेळी, ठरल्या जागी फळ्यावर चार ओळी लिहिल्या, तर संप टिकतो. अट एकच असते. त्या चार ओळींत कधीही फुगवून लिहायचे नाही. वाटाघाटी फिसकटल्या असतील तर फिसकटल्या असेच लिहायचे. एकदा का फळा खोटा ठरला की त्यावर पुढे कोणी नजर टाकीत नाही. रानातले केंद्र हा आमच्या समजुतीने गोव्याच्या जनतेचा असा फळा होता. सहा वर्षे तो रोज भरला गेला, ह्यातच त्याची किंमत आहे.

डिसेंबर १९६१ मध्ये प्रकरण निकरास आले. शेवटच्या दिवसांत शरण येण्याचे आवाहन गव्हर्नर-जनरल व्हासालो इ सिल्व्हा ह्याच्या कानी घालण्याचे काम ह्याच केंद्राकडे आले आणि ते पुनःपुन्हा प्रक्षेपित करण्यात आले. १४ डिसेंबरला सालाझारने त्याला तार केली होती: शरणागती नाही, शिपाई व खलाशी एक तर विजयी व्हावेत, नाही तर मरावेत. १७ डिसेंबरच्या रात्री मोहीम सुरू झाली. १८ ला भारतीय विमानांनी दाबोळीचा विमानतळ आणि बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. १९ डिसेंबरला व्हासालो इ सिल्व्हा शरण आला. साडेतीन हजारांच्या आसपास शिपाई, समोर अफाट सेना. इतक्यांना मरावयास लावणे व्यर्थ आहे असा त्याने हिशेब केला. त्याच्या सरकारने त्याला ह्या शहाणपणाबद्दल सैन्यातून बडतर्फ केले. त्याच दिवशी लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई ह्यांना विमानात बसविण्यात आले आणि गोव्याच्या आकाशात फिरत, ध्वनिवर्धकावरून त्यांनी पोर्तुगीज आणि कोंकणीत मुक्तीची बातमी खाली सांगितली. सहा वर्षे झाडांआड लपून जे बोलले, ते त्या दिवशी उघड्या आभाळातून बोलले.

ह्या केंद्रामुळे गोवा मुक्त झाला, असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. गोवा मुक्त झाला तो मुख्यतः सेनाबळाने. फळ्याने संप जिंकला जात नाही, तसेच हे. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या दोन दिवसांत गोव्याची सामान्य जनता पोर्तुगीजांच्या बाजूने उभी राहिली नाही. सालाझार जगाला सांगत होता की हे लोक मनाने पोर्तुगीज आहेत. हे जर खरे असते तर मोहिमेला दोन दिवस नव्हे, दोन महिने लागते आणि दोन्ही बाजूंची प्राणहानी काही डझनांवर थांबली नसती. जनतेचे मन कोणीतरी जागे ठेवले होते. तुरुंगात खितपत पडलेल्यांनी ठेवले, भूमिगतांनी ठेवले, पत्रादेवीच्या हुतात्म्यांनी ठेवले, आणि ह्या आवाजानेही ठेवले. त्यातला कोणाचा वाटा किती, हे मोजण्याचे माप कोणापाशी नाही.

ह्या कथेचा पुढला भाग पोर्तुगीज भाषेच्या इतिहासात आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. गोवा मुक्त झाल्यावर तीनच महिन्यांनी, मार्च १९६२ मध्ये, पोर्तुगालच्या भूमिगत साम्यवाद्यांनी रुमानियातून ‘रादियो पोर्तुगाल लिव्ह्र’ सुरू केले. अल्जीरियात आश्रय घेतलेल्या देशभक्तांनी जे केंद्र चालविले त्याचेही नाव ‘स्वातंत्र्याचा आवाज’ असेच होते. कवी मानुएल आलेग्रे त्यावरून बोलत असे. १९६७ पासून गिनी-बिसाऊचे मुक्तिसैनिक कोनाक्रीहून पोर्तुगीज शिपायांसाठी पोर्तुगीजमध्येच बोलू लागले आणि तेथेही निवेदन करणारी एक बाई होती, आमेलिया आराउजो. अखेर २५ एप्रिल १९७४ च्या पहाटे खुद्द लिस्बनमध्ये जे बंड झाले त्याची खूण रेडिओवरच्या गाण्यांनी देण्यात आली. ठरलेले गाणे लागले आणि फलटणी बराकींतून बाहेर पडल्या. आंबोलीचा आवाज ऐकून ह्या लोकांनी हे केले, असा दावा आम्ही करीत नाही. पण एकाच जुलमाखाली दबलेल्या माणसांना, हजारो कोसांच्या अंतरावर, त्याच भाषेत तोच उपाय सुचावा, ह्यात त्या जुलमाचे स्वरूप दिसते. ज्या राज्याचा पाया मौन असतो, ते राज्य आवाजाने हलते.

पुढे लिबिया आणि वामन विवाहबद्ध झाले. लिबिया सरदेसाई गोव्याच्या पर्यटन खात्याच्या संचालिका झाल्या. वामन सरदेसाई परराष्ट्र सेवेत गेले आणि स्वतंत्र अंगोलात भारताचे राजदूत झाले. ज्या अंगोलाच्या उठावाच्या बातम्यांचा तो काळ, त्याच देशात भारताचा प्रतिनिधी म्हणून जाण्याचा योग फार थोड्यांच्या वाट्यास येतो. १९९२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९९४ साली ते वारले. लिबिया सरदेसाई ह्यांना पद्मश्री जाहीर झाली ती २०२५ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी. पतीनंतर तेहतीस वर्षांनी. दोघांनी एकाच मोटारीत एकच काम केले होते, आणि पोर्तुगीज वाचणारा आवाज तिचा होता. चळवळीतल्या बाईच्या श्रमाची नोंद उशिरा होते, हे आम्ही संघटनेच्या कामातही पाहिले आहे. सभेच्या वृत्तान्तात भाषण करणाऱ्याचे नाव येते. भाकरी बांधून आणणारीचे आणि सभासदांची वही सांभाळणारीचे येत नाही.

आणि त्या दोघांच्याही पलीकडे काही माणसे आहेत. ती मालमोटार कोणीतरी घाटात चढविली. यंत्राच्या तारा कोणीतरी जोडल्या. रानात धान्य, रॉकेल कोणीतरी पोचविले. आंबोलीच्या आणि कॅसलरॉकच्या वाडीवस्तीतल्या कोणाला तरी त्या मोटारीचा पत्ता लागला असेल, आणि त्याने तोंड मिटून ठेवले. सहा वर्षे गुपित राहिले ते ह्या तोंड मिटून ठेवणाऱ्यांमुळे. इतिहासात बोलणाऱ्यांना जागा मिळते. न बोलून ज्यांनी काम केले त्यांची नावे शोधून काढावी लागतात, आणि शोधणारा नसला तर ती जातात.

आपल्या जिल्ह्याची गोष्ट ह्याहून निराळी नाही. १९४७-४८ साली बार्शी आणि सोलापूरच्या सरहद्दीवर जे कँप पडले, त्यांत आपल्या गावांतली माणसे होती. बुलेटिने हाताने लिहून, चक्रमुद्रित करून रात्रीच्या वेळी संस्थानी हद्दीत नेली जात. नेणाऱ्यांत गुराखी होते, बाजारकरी बाया होत्या. त्यांतले फार थोडे आज हयात असतील, आणि जे असतील ते नव्वदीच्या पुढे आहेत. पण त्यांची मुले-सुना आहेत, ऐकलेल्या हकिकती आहेत. आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आवाज टिपून ठेवण्याची सोय आहे. आंबोलीच्या रानात जे यंत्र मालमोटारीवर चढवावे लागले, त्याहून किती तरी कामाचे यंत्र आपण खिशात घेऊन हिंडतो आणि त्यावर बहुतेक वेळ दुसऱ्याने सोडलेल्या कंड्या पुढे ढकलतो. ह्या व्याख्यानमालेस येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या, आपल्या गावच्या एका वृद्धाची हकिकत येत्या पावसाळ्यापूर्वी टिपून वाचनालयात आणून द्यावी, एवढे मागणे मागून आम्ही हा विषय पुरा करतो.